सात नंबरचा कोयंडा

मन्मथअप्पा कोणाच्याही घरी गेले, की हाक मारीत नाहीत, चपला काढीत नाहीत आणि आत माणूस आहे की नाही याची चौकशीही करीत नाहीत. ते प्रथम दाराचा कोयंडा दोन बोटांत धरतात आणि शेळीसाठी बाभळीच्या शेंगा पाडाव्यात, तसा गदागदा हलवतात. कोयंडा टिकला तर आत येतात. न टिकल्यास तो हातात घेऊन आत येतात.

माझ्या ज्येष्ठ कन्येच्या सुपारीच्या दिवशी तो टिकला नाही. बैठकीत वरपक्षाची पंधरा-वीस मंडळी बसलेली होती. नारळ, पान, टॉवेल-टोपी असा यथोचित सरंजाम मांडला होता आणि मी देण्याघेण्याच्या बाबी मुद्देसूद भाषेत वाचून दाखवीत होतो. इतक्यात बाहेरून खडखडाट झाला व अप्पा तळहातावर एक गंजका स्क्रू घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. तो स्क्रू त्यांनी सरळ मुलाच्या वडिलांपुढे धरला.

"पाव्हणं, बघून घ्या. ह्या एका स्क्रूवर ह्येंनी एवढी पोरगी सांभाळली."

वरपक्ष हसला. विवाह पार पडला, मुलगी सुखात आहे. परंतु व्याही आजही माझ्या घरी आले, की आधी स्क्रूची खुशाली विचारतात. अशी मानहानी मी एकट्याने सोसली असून त्याबाबत कोठेही तक्रार दाखल केलेली नाही, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

मी धारूरच्या तहसिलीसमोर गेली बावीस वर्षे अर्जनवीस आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढचे सर्व तहसिलीच्या दारात झाले, आणि ते कोणत्याही पदवीपेक्षा कमी नाही. नव्या वकिलांपैकी दोघेतिघे आजही मसुदा माझ्या नजरेखालून घातल्याशिवाय दाखल करीत नाहीत. असे असताना अप्पा मला 'आर्जीवाले' म्हणतात. केळीवाले, भंगारवाले, तसे आर्जीवाले. मी अनेकदा दुरुस्ती सुचवली. "बरं, आर्जीवाले," असे उत्तर मिळाले.

आमचे दोघांचे राहणे तेलगावात. भावांच्या वाटणीत अप्पांकडे बंद पडलेल्या जिनिंगचे एक लांबलचक गोदाम आले. भावांकडे चालते दुकान गेले. गावाला वाईट वाटले, अप्पांना नाही. घरी बायको राहिलेली नव्हती, मूलबाळ झाले नव्हते. माणसाने कोणासाठी भांडावे? त्या सुमारास सरकारचे नवे आर्थिक धोरण आले होते. चौकात एसटीडीचे पिवळे खोके उभे राहिले, आणि ज्यांच्या घरी कालपर्यंत चार भांडी व दोन गोधड्या होत्या, तेथे रंगीत टीव्ही, लोखंडी कपाट, शिलाई मशीन अशा वस्तू दिसू लागल्या. आमच्या भागातील निम्मी घरे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परततात. पूर्वी दाराला काट्याची फांदी लावली, की सहा महिन्यांची व्यवस्था होत असे. आता टीव्हीला फांदी पुरेना आणि उसाच्या फडातील पाचटाच्या कोपीत तो नेता येईना. अप्पांनी गोदामात भिंती घालून बारा खोल्या पाडल्या आणि जाहीर केले, की सामान ठेवा, कुलूप लावा आणि बिनघोर जा.

कल्पना उत्तम होती. पण दरवाजा ठरवण्यातच अप्पांनी एक अख्खा उन्हाळा घालवला. शटर त्यांनी नाकारले. खालून पहार लावली, की ते चटईवाणी गुंडाळतंय, असे त्यांचे म्हणणे. पत्र्याचे फाटक नाकारले, कारण त्याच्या आड चोर निवांत बसून काम करतो. अखेर आरपार दिसणारे जाळीचे चॅनेल गेट घेतले, आणि त्या दिवसापासून सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आटोपली, की हे गृहस्थ उकिडवे बसून गेटच्या रुळातले खडे लिंबाच्या काडीने वेचतात. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटते, म्हातारा मुंग्यांशी बोलतोय.

कुलपे घ्यायला माजलगावला जाताना त्यांनी मला साक्षीदार म्हणून नेले. दुकानात शंभरएक कुलपे त्यांनी एकेक करून कानाशी धरली व डोळे मिटून किल्ली फिरवली. दुकानदाराने शेवटी विचारले, की अप्पा, गाणं ऐकायलाव का? अप्पांनी डोळे न उघडता सांगितले, की आतले लिव्हर मोजायलो, जरा गप ऱ्हावा. आमची परतीची एसटी गेली. दुसरीही गेली. मी उपाशी होतो.

बरे, कुलूप निवडून विषय संपला म्हणावा, तर अप्पांच्या लेखी कुलूप दुय्यम. "कोयंडा बघा, कुलपाचं मागून बघू," हे त्यांचे पालुपद. चोर कुलूप फोडीत बसत नाही, तो कोयंडा उपटतो. म्हणून खोल्यांचे कोयंडे त्यांनी स्क्रूवर न बसवता दारातून आरपार बोल्ट घालून, आतून नट आवळून, वर बोल्टची टोके ठोकून बसवले. एक कोयंडा बसवायला एक दिवस. बारा दिवस सारे तेलगाव ती ठोकाठोक ऐकत होते.

पुढे औरंगाबादहून टाय बांधलेला एक विक्रेता नंबरची कुलपे घेऊन आला. किल्लीची कटकटच नाही, असे तो मोठ्या सफाईने सांगत होता. अप्पांनी कुलूप कानाशी धरले, आकड्यांच्या चकत्या फिरवल्या, आणि मागवलेला चहा येण्याच्या आत ते उघडून त्याच्या हातात दिले. तो बिचारा खजील झाला. मग अप्पांनी त्याची समजूत घातली, की तुझं कुलूप वाईट न्हाई बाबा, पर आमच्या माणसाच्या कामाचं न्हाई. "सहा महिने ऊस तोडल्यावर माणसाला सोताचं नाव ध्यानात ऱ्हाईना. आकडा कुठं ऱ्हातो? किल्ली गळ्यात ऱ्हाती."

किल्ल्यांबाबतही त्यांचा हट्ट अजब. प्रत्येक कुलपाच्या दोनच किल्ल्या. एक नवऱ्याच्या गळ्यात, एक बायकोच्या. ज्या नवऱ्याला दोन्ही हव्या असत, त्याला खोली मिळत नसे. आणि स्वतःजवळ एकही नाही. मी त्यांना समजावले, की जगात असा गोदामवाला नाही ज्याच्याकडे स्वतःच्या गोदामातल्या एकाही खोलीची किल्ली नाही. "कावून ठिवू?" ते म्हणाले. "माल माझा हाय का?" भाडेकरू खोली उघडू लागला, की अप्पा त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. कोणाच्या घरात काय आहे, हे आपल्याला दिसू नये म्हणून.

किल्ली नसताना कुलपांची निगा मात्र दर सोमवारी. त्यात तेल घालायचे नाही. तेलाने आपली काळी माती धरून आत चिखल होतो. त्यांना लागते शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड. ती कागदाच्या नळीने फुंकर मारून किल्लीच्या भोकात सोडायची आणि वर सायकलच्या ट्यूबचे झापड बांधायचे. आता तेलगावात शिसपेन्सिली कोणाकडे असणार? मसुदा मी पेन्सिलीनेच करतो. दर सोमवारी सकाळी अप्पा माझ्या घरच्या टेबलापाशी उभे. एकदा जमिनीच्या फेरफाराचा गुंतागुंतीचा मजकूर ऐन रंगात आला असता त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून नेली. माझे पक्षकार बघत राहिले.

एवढे सर्व मी सहन केले. सात नंबरच्या खोलीचे प्रकरण मात्र निराळे.

या खोल्यांचा करारनामा मी लिहिला आहे. अकरा कलमे. त्यातील नववे कलम असे, की अक्षय्य तृतीयेनंतर एक महिन्यात माल न नेल्यास पाच पंचांसमक्ष कुलूप तोडून, पंचनामा करून खोली मोकळी करावी. सात नंबरची खोली डोंगरपट्ट्यातल्या ज्ञानोबा आणि कौसाबाई या जोडप्याने घेतली होती. एक ट्रंक, एक शिलाई मशीन. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात सगळे आले, हे दोघे आले नाहीत. दुसऱ्या वर्षीही आले नाहीत. मुकादमाला विचारले, तर ते त्याच्या टोळीतून केव्हाच निघून गेले होते.

त्याच काळात माझ्या घरी वाळवी लागली. बावीस वर्षांच्या अर्जांच्या नकला मी जपल्या आहेत. लोक हसतात, पण तालुक्याचा खरा इतिहास त्यात आहे. वाळवीने पहिली चार वर्षे खाल्ली. मला कोरडी, फरशीची खोली तातडीने हवी होती आणि बारांपैकी तीच एक विनाकारण अडलेली होती. मी अप्पांना कलम नऊ दाखवले. ते म्हणाले, येतील. मी रीतसर नोटीस लिहून सात नंबरच्या दारावर चिकटवली. सोमवारी पाहतो, तर अप्पांनी नोटिशीखालचे कुलूप पुसून लख्ख केलेले.

तिसऱ्या वर्षी वाळवी सातव्या वर्षापर्यंत पोहोचली. मी पाच पंच जमवले, शंकर लोहाराला छिन्नी-हातोड्यासह बोलावले आणि भर दुपारी सात नंबरपुढे जाऊन उभा राहिलो. अप्पा अडवतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी गेट उघडले आणि पंचांना बसायला पोते अंथरले.

"तोडा की. कलम तुमचं हाय. पर कोयंडा माझा हाय," एवढेच ते म्हणाले.

शंकरने पहिली छिन्नी लावली. कुलूप वाजले, कोयंड्यावर एक वण उमटला आणि छिन्नीचे तोंड वाकले. दुसरीचे तुटले. पंचांनी सल्ले देण्यास सुरुवात केली. खालून मार, तिरपा मार, दारच काढ. दाराच्या बिजागऱ्याही अप्पांनीच बसवलेल्या होत्या. तासाभराने शंकर घाम पुसत बसला. "अप्पा, आतून काय वतलंय बे ह्यात?" त्याने विचारले, आणि म्हाताऱ्याला 'बे' म्हटल्याचे ध्यानात येऊन जीभ चावली. अप्पांनी सर्वांना चहा पाजला. पंच चहा पिऊन निघून गेले. 'कोयंडा तुटला नाही' असा पंचनामा मला माझ्या हयातीत प्रथमच लिहावा लागला, आणि त्यावर पाच जणांनी हसत हसत सह्या केल्या.

सर्व गेल्यावर अप्पा कानशीने कोयंड्यावरचे वण घासू लागले. मी संतापून विचारले, की तुम्हाला तो माल हवाय का? ती माणसे तुमची कोण लागतात?

"कुणीच न्हाई," अप्पा म्हणाले. "जाताना त्या बाईनं इचारलं, अप्पा, आमी आलो की हेच कुलूप असंल ना? मी हो म्हणून बसलोय."

एवढ्यावर कोणत्या कायद्याने बोलावे? मी घरी आलो आणि नकला ट्रंकेत भरल्या. ट्रंकेला वाळवी लागत नाही, हे मला आधी का सुचले नाही, याचा राग मी अप्पांवरच काढला.

पुढच्या वैशाखात, एका सोमवारी, अप्पांनी नेलेली पेन्सिल परत आणायला मी गोदामात गेलो असताना गेटपाशी एक बाई येऊन उभी राहिली. उन्हाने काळवंडलेली, हातात पिशवी. मी ओळखले नाही. अप्पांनी ओळखले. कौसाबाई होती, आणि एकटीच होती. तिने पदराआडून गळ्यातला काळा दोरा ओढून काढला. त्या एकाच दोऱ्यात दोन्ही किल्ल्या होत्या.

अप्पांनी त्या पाहिल्या. ते तिच्याकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे नेमके माझ्याकडे तोंड करून. त्यामुळे त्यांचा चेहरा मला एकट्यालाच दिसत होता. त्यांनी डोळे मिटले होते, माजलगावच्या दुकानात मिटले होते तसे. मागे किल्ली शिरल्याचा आवाज झाला. घामाने खाल्लेली, गंजलेली किल्ली. कुलूप एका फिरकीत उघडले. त्यांनी डोळे उघडले ते ओले होते, आणि ते मला दिसल्याबद्दल त्यांनी मला माफ केले असावे.

बाई बराच वेळ आत होती. मग मशीन चालवल्याचा, कापडाशिवाय नुसतेच चालवल्याचा आवाज आला. बाहेर आल्यावर तिचा हात कोयंड्यावरून फिरला.

"अप्पा, हे वण कशाचे?"

मी जमिनीकडे पाहू लागलो.

"मीच ठोकून बघितलतं," अप्पा म्हणाले. "पक्कं हाय का न्हाई म्हणून. आन ह्या आर्जीवाल्यांनी तीन वर्स पेन्सिली दिल्या बघ. त्येंची पूड हाय कुलपात, म्हणून उघडलं."

बाईने मला हात जोडले. बावीस वर्षांत मला पुष्कळांनी हात जोडले आहेत. पण नमस्कार घेताना मला इतके अवघड कधी झाले नव्हते.

तिने खोली सोडली नाही. यंदा पुन्हा जायचे आहे, म्हणाली. मशीन इथेच बरे. कुलूप लावले, दोरा सोडला आणि त्यातली एक किल्ली काढून अप्पांपुढे धरली. "दुसरीला आता गळा न्हाई. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

अप्पा कोणाची किल्ली ठेवीत नाहीत, हे मी तिला सांगणार होतो. अप्पांनी ती घेतली. सदऱ्याचे वरचे बटण काढले आणि गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याशेजारी दुसरा दोरा बांधून त्यात ओवली. गाठ बसेना. शेवटी मी पुढे होऊन ती बांधून दिली, आणि सवयीप्रमाणे त्यांनी ती गदागदा हलवून पाहिली.