मऊ पाण्याची योजना

"प्लांटचा एवढा मोठा बॉयलर माझ्या हातचं पाणी पितो, तिथं घरच्या डाळीची काय कथा!" असं मी बायकोला छाती फुगवून सांगितलं, आणि तिथंच फसलो!

गोष्ट एकसष्ट सालची. मी गुलाबराव, मूळचा भंडाऱ्याचा. भिलाईच्या पोलाद कारखान्यात बॉयलरचं पाणी मऊ करायच्या खात्यात ऑपरेटर. सेक्टर दोनमध्ये नवं कोरं क्वार्टर, नळाला पाणी, सगळं झकास. फक्त बायकोची, भागीरथेची, डाळ शिजेना! दोन-दोन तास सिगडीवर ठेवली तरी ताटात गोट्यांसारखी टणटण वाजायची.

"पाणी जड आहे," मी निदान केलं. "चुना आहे त्याच्यात."

"मंग काढा ना तो चुना! दिवसभर तेच तं करता तुमी," भागीरथा म्हणाली. "पोळ्यापर्यंत डाळ शिजली नाई, तं मी चालली माहेरी!"

त्या दिवसांत देशात जो तो योजना आखत होता. मीही आखली. भलामोठा कागद भिंतीला डकवला. त्यावर एक टाकी, टाकीत खास वाळू, वरून पाणी येणार, चुना वाळूला चिकटणार, खालून मऊ पाणी पडणार. वाळू थकली की तिला मिठाच्या पाण्यानं धुवायचं, की पुन्हा ताजी! टाकीसाठी आणि वाळूसाठी कलकत्त्याला पत्र टाकलं. उत्तर येईना. पण योजना कुठंतरी सुरू व्हायला हवी की नाही? बाजारात लगेच मिळणारी वस्तू एकच होती. मीठ!

हिरालालच्या किराणा दुकानातून दोन पोती खडेमीठ हातगाडीवर लादून आणलं. दारातच शेजारचे दयाराम भेटले. रोलिंग मिलमध्ये कारकून. कान असे, की सेक्टर दहामध्ये कुणी शिंकलं तर हे इथून विचारणार.

"कावून हो गुलाबराव, एवढं मीठ?"

मशीन बसेपर्यंत गुपित ठेवायचं मी ठरवलं होतं. म्हणून डोळे बारीक करून म्हणालो, "येळ आली की समजनच तुमाले!"

बस्स! दयाराम कामावर जायचे, ते उलट्या पावली हिरालालकडे गेले.

संध्याकाळी दुकानासमोर रांग! लोक बादल्या, पिंपं, उशीचे अभ्रे घेऊन उभे! हिरालाल प्रत्येकाला सांगत होता, "गुलाबरावजी प्लांट के आदमी हैं, उनको अंदर की खबर है!" ती खबर काय, हे मला रांगेतच कळलं.

"रशियन साहेबाईनं सांगतलं म्हनते," एक जण मलाच ऐकवत होता, "भट्टीत मीठ टाकल्याशिवाय लोखंड पक्कं होत नाई. सारं मीठ प्लांट घेऊन राह्यला!"

"अहो, असं काही नाही!" मी ओरडलो.

"हे असंच म्हननार! दोन पोते घरात हायेत ना यांच्या!" मागून दुसरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जवळच्या नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीवरून अख्खा ट्रक मीठ शोधत आला. तिसऱ्या दिवशी भिलाईत चिमूटभर मीठ राहिलं नाही! शेजारणी वाट्या घेऊन आमच्या दारात. भागीरथा वाटत सुटली. माझ्या योजनेचा पहिला टप्पा वाटी-वाटीनं शेजारच्या भाज्यांत चालला होता.

चौथ्या दिवशी सकाळीच आमच्या खात्याचे केमिस्ट श्यामरावसाहेब यांनी बोलावलं. टेबलावर तक्रारींचा गठ्ठा.

"गुलाबराव, मिठाची साठेबाजी करून राहिले तुम्ही? नोकरी जाईल!"

मी भिंतीवरचा कागद काढूनच नेला होता. टेबलावर पसरला आणि टाकी, वाळू, चुना, सगळं एका दमात सांगून टाकलं. साहेब शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "योजना चांगली आहे. घरच्या नळाच्या पाण्यात चुना किती निघाला?"

मी कागदावर बोट फिरवून तो आकडा शोधू लागलो.

"तपासलं नाही?"

आठ वर्षांची नोकरी माझी! इथं आणि आधी दुसरीकडं मिळून रोज वीस बाटल्या तपासणारा मी! घरची एक बाटली तपासायचं सुचलं नव्हतं!

साहेबांनी लगेच माणूस पाठवून पाणी मागवलं. बाटलीत साबणाच्या द्रावणाचे चार थेंब टाकले आणि म्हणाले, "हलवा." मी हलवली. बाटली गळ्यापर्यंत फेसानं भरली! पाणी मऊ, अगदी लोण्यासारखं!

"जा घरी," साहेब हसू दाबत म्हणाले. "आणि दारावर लिहून लावा, मीठ भरपूर आहे म्हणून."

नोकरी वाचली, या आनंदात मी घरी आलो. भागीरथेला दणक्यात जाहीर केलं, "पाण्यात काहीच दोष नाही! सरकारी तपासणी झाली! दोष डाळीत आहे. जुनी, किडकी, दोन वर्षं गोदामात पडलेली डाळ आहे ती!"

"असं का?" भागीरथेनं पदर खोचला. "अन् मी नको नको म्हनत असताना, सस्ती भेटली म्हनून ते अख्खं पोतं उचलून कोनं आनलं होतं?"

त्या दिवशी माझी ड्यूटी दुपारी दोनची होती. मी साडेअकरालाच निघालो!