पेशंटकडे न बघणारे साटमकाका

आमच्या बिल्डिंगमधलं कुणी हॉस्पिटलात ॲडमिट झालं, की साटमकाका हटकून भेटायला जातात. पण पेशंटला नाही, त्याच्या शेजारी स्टुलावर बसलेल्या माणसाला.

हे मला माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी कळलं. काका दारात दिसले तसा मी चेहरा केविलवाणा केला, बारीकसं कण्हूनही घेतलं. काका माझ्या पायांना वळसा घालून थेट बायकोकडे गेले.

"मंजू, जेवलीस का? पाठ धरली असेल. ऊठ, घरी जाऊन झोप काढून ये."

"काका, मलाही जरा दुखतंय," मी म्हणालो.

"तुझं बघायला डॉक्टर आहे," असं म्हणत त्यांनी माझ्याच शहाळ्यात स्ट्रॉ खोचला आणि ते मंजूला दिलं. तेव्हापासून आमच्या घरात काकांबद्दल वाकडं बोलायची सोय उरलेली नाही.

काका लालबाग सोडून मीरा रोडला आले ते काकूंबरोबर. आता एकटेच असतात. काकू गेल्या त्या याच हॉस्पिटलात. भाईंदरचं हे हॉस्पिटल लोकांनी दिलेल्या वस्तूंवर चालतं. नातू सुखरूप झाला म्हणून कुणी वॉटर कूलर दिलाय, आईच्या आठवणीत कुणी व्हीलचेअर. एका पंख्याच्या पात्यांवर कुणाच्या तरी आजोबांचं नाव आहे. पंखा चालू असेपर्यंत आजोबा वाचता येत नाहीत. ही पाती रंगवून घ्यायची कल्पना माझीच. देणग्यांच्या कमिटीत मी आहे, आणि कमिटीला अजून त्याचा पश्चात्ताप होतोय.

काकूंच्या आठवणीत काहीतरी द्यायचंय म्हणून काका आमच्याकडे आले.

"पेशंटसाठी मॉनिटर द्या ना, साटमसाहेब," अध्यक्ष म्हणाले.

"पेशंटसाठी सगळेच देतात. मला बाजूला बसणाऱ्यासाठी खाट द्यायचीय. पलंगाखाली सरकेल अशी."

"अहो, मग नातेवाईक मुक्कामच ठोकतील!"

"ठोकू देत. त्यासाठीच देतोय. खाट नको असेल तर राहू द्या."

एवढं बोलून काका उठले. कधी आवाज न चढवणारा माणूस खरंच दाराची कडी काढतोय हे पाहून अध्यक्ष विरघळले. बायकांच्या वॉर्डात खाट ठेवायचं ठरलं.

खाट निवडायला काका मला भाईंदर ईस्टला घेऊन गेले. दुकानात ते प्रत्येक घडीच्या खाटेवर आडवे होऊन कूस बदलून बघत होते. मग मला म्हणाले, "तू झोप. तुझं वजन झेपलं तर कुणाचंही झेपेल." मी झोपलो, आणि खाट मला पोटात घेऊन मिटली.

मिटलेल्या खाटेत मला दुकानदाराचा आवाज ऐकू आला, "सेठ, पहले लॉक लगाने का, फिर सोने का!"

"हीच द्या," काका म्हणाले. "मजबूत आहे. एवढं होऊन वाकली नाही."

खाटेवर लावायची पितळी पाटी मी काकांना न विचारताच करून आणली. 'कै. सौ. सुनंदा साटम यांच्या स्मरणार्थ'. म्हटलं, खूष होतील. काकांनी पाटी हातात धरली आणि चष्मा लावून दोनदा वाचली. माझी पाचावर धारण बसली.

"नाव चुकलं का, काका?"

"नाही रे. सुंदर झालंय. पण ती गेली तेव्हा मी नव्हतो तिच्याजवळ." काका खाली बसले. "उत्तनची एक कोळीण शेजारच्या पलंगावरच्या आपल्या सासूपाशी बसायची. मला म्हणाली, 'दादा, कवाचा बसलायस. जा, आंघोळ करून ये. मी हाय ना.' मी गेलो. परत आलो तर सगळं संपलं होतं. सुनंदाचा हात त्या बाईच्या हातात होता. मी येईपर्यंत तिनं सोडला नव्हता."

"मग?"

"मग धावपळ. आभार मानायचे राहून गेले. पुन्हा गेलो तोवर सासूला डिस्चार्ज मिळाला होता. अजून वॉर्डात शिरलो की आधी स्टुलावर कोण बसलंय ते बघतो." त्यांनी पाटीच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. "इथं एक ओळ मावेल का?"

आम्ही पाटी घेऊन पुन्हा कोरणाऱ्याकडे गेलो. काकांनी सांगितलं, "नीचे लिखो, 'आणि तिचा हात धरून बसलेल्या ताईंसाठी.'"

"ताई का नाम?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, जणू मला ठाऊक असेल.

"नाम पूछना रह गया," काका म्हणाले.

मशीन सुरू झालं. काकांनी पाटीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"अंकल, छोड़ दो. शिकंजे में कसा है, हिलेगा नहीं."

"असू दे," काका म्हणाले, आणि शेवटचं अक्षर उमटेपर्यंत त्यांनी पाटी सोडली नाही.