दवाखाना दिला, हात राहिला

एका जंगलात, जिथे प्रत्येक वडाखाली एक तरी सल्ला देणारा बसलेला असे, दादासाहेब अस्वल यांचा दवाखाना होता.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, इतका सल्ला फुकट मिळत असताना दवाखाना हवा कशाला? अरे, तो सल्ला ऐकून आजारी पडणारेही होतेच ना!

दवाखाना म्हणजे एक गुहा. आत एक बाकडं, एक तराजू, चूर्णांच्या बरण्या आणि भिंतीवर दादासाहेबांचा शाल पांघरलेला फोटो. म्हातारपणी त्यांना नीट दिसेना. जुलाब लागलेल्याला ते पोट साफ व्हायची पुडी देत. तरी गर्दी हटत नसे. "दादासाहेबांच्या हाताला गुण आहे," असं सगळं जंगल म्हणायचं. जे असं म्हणू शकत नव्हते, ते आता काहीच म्हणू शकत नव्हते.

शेवटी दादासाहेबांनी दवाखाना विकायला काढला.

शलाका मुंगूस नदीपलीकडून वैद्यकी शिकून नुकतीच आली होती. हुशार होती, तापट होती. देण्याजोगं तिच्याकडे एकच होतं. दवाखान्याच्या वाटेवरचं, आईने तिच्या नावावर ठेवलेलं मोहाचं झाड.

"झाड दे, दवाखाना घे," दादासाहेब म्हणाले. मोहाच्या नावानेच त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"सगळं मिळणार ना काका? मागाहून कटकट नको."

"अगं पोरी, बाकडं तुझं, तराजू तुझा, बरण्या तुझ्या, पेशंटसुद्धा तुझेच. मला आता काय करायचंय? झाडाखाली बसेन, चार फुलं खाईन."

शलाकाने झाड दिलं. बरण्या घासल्या, जाळी काढली, शिळी चूर्णं नदीत ओतली. दोन दिवस नदीतले मासे फिरकले नाहीत. भिंतीवरचा फोटो तिने दादासाहेबांना परत पाठवला. तो त्यांनी मोहाच्या झाडाला टांगला.

पहिली पेशंट आली घोरपडमावशी. तिची कंबर धरली होती. शलाकाने तपासून पुडी दिली. मावशी पुडी घेऊन निघाली ती थेट मोहाच्या झाडाखाली गेली.

"दादासाहेब, एवढा हात लावून द्या बाई."

"आता माझं काय आहे त्यात?" असं म्हणत दादासाहेबांनी पुडीवर हात ठेवला. चांगला वेळ ठेवला.

मावशी बरी झाली. सगळ्यांना सांगत सुटली, "औषध त्या पोरीचंच हो, पण हात दादासाहेबांचा!"

मग तशी रीतच पडली. पुडी गुहेतून घ्यायची, हात झाडाखाली लावायचा. बरं वाटलं तर तो हाताचा गुण. नाही वाटलं तर पोरीची पुडी कडू. हळूहळू काहींनी पुडीचा हेलपाटाही वाचवला. ते नुसतेच झाडाखाली जाऊ लागले.

शलाका पाय आपटत झाडाखाली गेली.

"काका, तुम्ही दवाखाना विकलाय!"

"हो की. त्यात हात कुठे होता?" दादासाहेब शांतपणे म्हणाले. "आणि लोक येतात, त्यांना नाही कसं म्हणू? आमच्या वेळी माणुसकी होती बाई."

मुलांनो, ते माणूस नव्हते. पण वडीलधाऱ्यांना मध्येच असं तोडायचं नसतं.

शलाका परत येऊन रिकाम्या बाकड्यावर बसली. झाड गेलं होतं. आता दवाखाना बंद पडला, तर नदीपलीकडे जाऊन दुसऱ्याच्या बरण्या पुसायची वेळ येणार होती. आणि झाड काकांना कुणी दिलं? तिनेच. ऐन वाटेवरचं.

पुढे चैत्रात मोह फुलला. दादासाहेबांनी चार फुलं खाल्ली. मग त्या चारांवर, झाडाखाली पडलेली सगळी खाल्ली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. दुपारी सगळं जंगल झोपलेलं असताना ते मागच्या कपारीतून गुहेत शिरले.

"पोरी, मरतो गं! कुणाला सांगू नकोस."

"हात लावून पाहिलात का?" शलाकाने विचारलं.

"लावला."

"मग?"

"दोन्ही लावले!" दादासाहेब कळवळले. "हसू नकोस. औषध दे."

शलाकाने काढा उकळायला ठेवला आणि ती झाकण हातात धरून बसली.

"देते. पण व्यवहार अर्धवट राहिलाय काका. हात द्यायचा राहिलाय. चारचौघांत द्यायचा."

"हाताचा गुण असा देता येतो का, वेडे?"

"समारंभ करू. शाल, नारळ, तुमचं भाषण."

दादासाहेबांचं कण्हणं थांबलं. "भाषण किती वेळ?"

"हवं तेवढं."

ते काढा प्यायले. संध्याकाळपर्यंत पोट उतरलं. तोवर जंगलभर झालं होतं की, दादासाहेबांचं पोट फुगलं होतं, पण त्यांनी स्वतःच हात फिरवून उतरवलं.

ठरल्याप्रमाणे समारंभ झाला. भाषण एवढं लांबलं की दोन म्हातारी सांबरं उभ्याउभ्या घोरू लागली. शेवटी दादासाहेबांनी शलाकाच्या डोक्यावर पंजा ठेवला. त्याखाली ती पूर्ण झाकली गेली. "आजपासून हा गुण हिचा!" ते म्हणाले. टाळ्या पडल्या. काही म्हाताऱ्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी गुहेपासून नदीपर्यंत रांग लागली. झाडाखाली कुणी थांबलं नाही. शलाकाचा ऊर भरून आला. तिने बरणी उघडली.

"औषध राहू दे गं," रांगेत पहिली असलेली घोरपडमावशी म्हणाली. "नुसता हात लाव."

"मावशी, हाताबिताला काही गुण नसतो! औषधाने बरं वाटतं!"

मावशीने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "बघा, किती साधी आहे! दादासाहेबही सुरुवातीला अगदी हेच म्हणायचे."

शलाकाने बरणीकडे पाहिलं. रांगेकडे पाहिलं. डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण माझा हात औषधावर चालतो. पोटात पुडी नसेल, तर हात ठेवू कशावर?"

"आधीच सांगायचं की!" मावशी म्हणाली आणि तिने पुडी मुकाट्याने गिळून डोकं पुढे केलं.

जंगल बरं होऊ लागलं. बरण्या दर आठवड्याला रिकाम्या होत आणि कौतुक हाताचं होई.

एके दिवशी रांगेत दादासाहेब दिसले.

"काय होतंय काका?"

"काही नाही गं. उजव्या हातात अगदी रिकामं रिकामं वाटतं. तुला दिल्यापासून," ते हळूच म्हणाले. "जरा हात ठेवतेस?"

शलाका काहीतरी खरं बोलणार होती. पण मागे रांग मोठी होती. तिने त्यांना एक पुडी दिली आणि डोक्यावर हात ठेवला.

तात्पर्य : मुलांनो, खूप शिका, पण ते कुणाला कळू देऊ नका. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद जरूर घ्या. मात्र आधी त्यांना काढा पाजा आणि मग आशीर्वाद चारचौघांत घ्या. आणि त्यांना झाड द्यायचंच असेल, तर लांबचं द्या.