काम डाऊन, गॅब्रियलराव!

"काळजीच करू नका! त्या माणसाचा राग दोन मिनिटांत उतरवतो की नाही बघा. तोही इंग्रजीत!" असं महिपतराव सुर्व्यांनी जाहीर केलं, तेव्हाच खरं तर त्यांच्या बायकोने, मनोरमाबाईंनी, त्यांच्या तोंडाला कुलूप घालायला हवं होतं. पण त्या वाटाणे सोलत होत्या, आणि नवऱ्याच्या घोषणांकडे लक्ष देणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

भानगड अशी होती. त्यांची लेक सलोनी आणि भाईंदरजवळच्या उत्तनचा गेविन यांचं जमलं होतं. पोरगा गुणी. धर्मावरून दोन्हीकडे रुसवेफुगवे व्हायचे ते होऊन गेलेले. आता रविवारी गेविनचे आईवडील भाईंदरच्या इंद्रलोक भागात सुर्व्यांच्या घरी यायचे आणि लग्नाची तारीख ठरायची. फक्त सलोनीने एक बजावून ठेवलं होतं. "पप्पा, गेविनचे डॅडी जरा तापट आहेत हां! त्याच्या बहिणीच्या बैठकीतून चहा न पिता उठून आले होते. ते लग्न मग झालंच नाही. प्लीज, सांभाळून घ्या."

महिपतराव पडले स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातले सुपरवायझर. त्यांचं इंग्रजी 'यस सर' आणि 'लोडिंग-अनलोडिंग' यांच्या पुढे कधी गेलं नव्हतं. पण व्याह्याचं नाव गॅब्रियल म्हटल्यावर त्यांनी पक्कं धरलं, की ही माणसं घरात श्वाससुद्धा इंग्रजीतच घेत असणार! विचारायचं कुणाला? छे! त्यांनी तडक केबिन रोडवरचा स्पोकन इंग्लिशचा क्लास गाठला.

"सर, मला सगळं इंग्रजी नको," ते तिथल्या पराग सरांना म्हणाले. "फक्त राग शांत करायचं तेवढं द्या."

"अहो काका, असं सुटं नाही मिळत! आधी काळ शिकायचा, मग क्रियापदं..."

"काळ आमच्या दारात येतोय रविवारी! तुम्ही शब्द द्या!"

सरांनी दिले. कूल डाऊन, रिलॅक्स, टेक इट ईझी, पीस. "आणि काका, 'कॅल्म' नाही म्हणायचं. त्यातला एल सायलेंट. काम! काम डाऊन!"

हा मुका एल महिपतरावांना भलताच आवडला. न्हाणीघरात काम डाऊन, रिक्षात काम डाऊन. कारखान्यात पॉलिशवाले भांडत होते, तिथेही त्यांनी 'काम डाऊन' करून पाहिलं, तर चौघांनी मशीन बंद करून जेवणाचे डबे उघडले! दुसरा कुणी शहाणा झाला असता. हे नाही झाले.

रविवारी बेल वाजली. मायलेकी स्वयंपाकघरात. दारात गॅब्रियल आणि त्यांची बायको डॉरिस. गेविन खाली गाडी लावायला जागा शोधत होता, आणि इंद्रलोकात त्या कामाला गेलेला माणूस लवकर परत येत नाही. लिफ्ट बंद, त्यात भर दुपारचं ऊन. चार जिने चढून गॅब्रियल लालबुंद झाले होते. तो रंग बघून महिपतरावांनी ओळखलं. आला! राग आला!

"काम डाऊन, गॅब्रियलराव!" ते दोन्ही हात पसरून ओरडले. "प्लीज, काम डाऊन!"

गॅब्रियल चप्पल काढता काढता थांबले. त्यांची मासेमारीची बोट होती. यंदा मासळीच लागत नव्हती, बोट अर्धा हंगाम किनाऱ्यावर उभी, आणि ही गोष्ट त्यांना फार लागायची.

"कोन बोल्ला याला, माजा काम डाऊन हाय?" ते बायकोच्या कानात फुसफुसले. डॉरिसबाईंनी त्यांना कोपर मारलं. मग ते महिपतरावांना कसंबसं "थँक यू" म्हणाले आणि सोफ्याच्या टोकाला टेकले.

आता पुढे बोलायचं काय? महिपतरावांकडे राग उतरवायच्या शब्दांखेरीज दुसरा मालच नव्हता! गॅब्रियलनी घाम पुसायला रुमाल काढला.

"कूल डाऊन! कूल डाऊन!" महिपतरावांनी पंखा पाचवर केला. गॅब्रियल त्यांच्याकडे बघतच राहिले. "रिलॅक्स! टेक इट ईझी!"

औषध लागू पडेना. उलट चेहरा आणखीच लाल! तसा महिपतरावांनी डोस वाढवला. गॅब्रियलच्या कपाळावरची शीर ताडताड उडायला लागली, आणि डॉरिसबाईंनी त्यांचा गुडघा घट्ट दाबून धरला. वातावरण हलकं करायला त्यांनी पिशवीतला डबा काढून उघडला. सकाळीच तळलेली सुरमई!

महिपतरावांना दाबलेला गुडघा दिसला. आता बाईंनाच विनवावं. "पीस, मॅडम! पीस!"

डॉरिसबाईंचा चेहरा खुलला. इतक्या वेळात त्यांना कळलेला हा पहिलाच शब्द! त्यांनी सुरमईचा एक पीस उचलून महिपतरावांसमोरच्या बशीत वाढला.

"नो, नो! पीस! पीस!"

लहान वाटला बहुतेक. त्यांनी दुसरा वाढला, जाडजूड.

महिपतराव मागे सरकले. त्यांची संकष्टी होती, पोटात सकाळपासून साबुदाण्याचे चार दाणे! त्यांनी हात जोडले. "मॅडम, प्लीज! पीस!" डॉरिसबाईंनी प्रेमाने डोकंच वाढलं.

आणि गॅब्रियल उठले.

"ऊठ डॉरिस! बस झाला! आल्यापास्ना मानूस काम डाऊन, काम डाऊन करतंय. मी एक शबूद बोल्लो न्हाय, तरी! आन् गेविन बोल्ला, मुलगी मराठी हाय. हितं तं मराठीचा नाव न्हाय! माजी आयस म्हातारी, तिला दुसरी भाषा येत न्हाय. तिच्यासंगती ही सून बोलनार कशी?"

महिपतराव थिजले. "तुम्हाला... मराठी येतं?"

एव्हाना सलोनी चहाचा ट्रे घेऊन आली होती आणि दारात गेविन किल्ली हातात धरून उभा होता. "पप्पा!" सलोनी एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

गॅब्रियलचा आवाज खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं. "आमचे बापजादे उत्तनलाच जल्मले, उत्तनलाच मेले. तुमी कवा आलात भायंदरला?"

"शहाण्णव साली," महिपतराव पुटपुटले.

महिपतरावांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं. नाव ऐकून समोरच्या माणसाची भाषा ठरवून टाकली! जो इथला, त्याला परका केला, आणि स्वतः कालचे येऊन यजमानाच्या थाटात बसले. वर पोरीच्या संसारावर स्वतःच्या हाताने पाणी ओतलं! 'सॉरी' ओठांवर आलं होतं, पण आता इंग्रजीचं नाव काढायची छाती होईना. तोंडातून आली ती गावाकडची, रत्नागिरीची भाषा.

"चुकलो ओ! साफ चुकलो. लाज वाटते माझी मला. पोरीला यातलं काय म्हायती नाय. माझ्या येडेपणापायी तिला नका ओ टाकू!"

सलोनीने ट्रे पुढे केला. "डॅडी, चहा तरी घ्या. आजीचं सगळं कळतं मला. तिनेच तर गेविनच्या फोनवरून मला तुमच्यासारखं बोलायला शिकवलंय." सगळ्यांचे डोळे गॅब्रियलच्या हाताला चिकटले. हात जरा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी कप उचलला आणि खाली बसले.

अर्धा कप झाल्यावर ते बोलले. "ह्यो गेविन मना काय बोल्लेला म्हायतीय? मुलीचा बापूस लय तापट हाय, सांभालून बोला! म्हनून मी तोंड दाबून बसलेला. कसला तापट? यो तं निस्ता येडा हाय!"

स्वयंपाकघराच्या दारातून मनोरमाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अगंबाई, पहिल्याच भेटीत ओळखलंत? मला दिवाळसण उजाडेपर्यंत कळलं नव्हतं हो!"

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्याने महिपतरावच हसले. न हसून सांगतात कुणाला! पोरीची तारीख अजून ठरायची होती.