सात पिळांचा जॉइंट

ग्रंथपालाने रविवारी सकाळी मोटरसायकलला मोबाइलचा चार्जर बसवायला घेतला, तेव्हा त्याच्यासमोर एक पकड, एक टेस्टर, वायरिंगवरची दोन पुस्तकं आणि पाठीमागे सासरे होते. पुस्तकं त्याने वाचनालयातून रीतसर स्वतःच्या नावावर काढून आणली होती. सासरे आपण होऊन आले होते.

सासरे विजेच्या खात्यात चौतीस वर्षं लाइनमन. निवृत्तीला अकरा वर्षं होऊन गेली, तरी दुसऱ्याने मारलेला जॉइंट दिसला की त्यांची बोटं शिवशिवत. मागे ताप भरला म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला आले तर पेशंट पलंगावर नाही, स्टुलावर! हाताला सलाइन तशीच, आणि तोंडाने पंख्याच्या वायरीची टेप सोलणं चाललेलं. अशा माणसाच्या जावयाने पुस्तक वाचून वायरिंग करायचं म्हणजे वाघाच्या पिंजऱ्यात बसून मटण चिरण्यासारखंच.

पण ग्रंथपालही हट्टाला पेटला होता. लग्नाला पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत त्याने घरात फळ्या ठोकल्या, नळ बदलले, दाराला कडी बसवली. प्रत्येक वेळी सासऱ्यांनी येऊन पाहिलं आणि म्हटलं, "हं." त्यापुढे अक्षर नाही.

या वेळी चार्जर नुसता हौसेचा नव्हता. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे सगळ्या घराला दिसत होतं, फक्त त्यांना दिसत नव्हतं. लेकीने महिनाभर खटपट करून डोळ्यांच्या डॉक्टरांची सोमवारची अकराची वेळ मिळवली होती. दवाखाना नुकताच गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला. तिथला रस्ता फक्त मोबाइलच्या नकाशाला ठाऊक. आणि ग्रंथपालाचा मोबाइल असा, की कुणी नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी पाच टक्के खाली यायचा.

"यायला मी येईन," सासरे म्हणाले होते, "पण जावईबापू, तुमचा तो चार्जर वाटेत बंद पडला, की तिथूनच गाडी माघारी. कबूल?"

"कबूल," ग्रंथपाल म्हणाला.

"बघ हं," बायको आत नेऊन म्हणाली, "या वेळी निसटले तर बाबा पुन्हा हाताला लागायचे नाहीत. आणि तू तर जरा गॅस पेटवायचा म्हटलं तरी पुस्तक उघडतोस."

"म्हणूनच अजून घर शाबूत आहे," ग्रंथपाल म्हणाला.

त्याने पुढचा दिवा उघडला. आत वायरींचं जंगल. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे त्याने एकेक वायर ओळखली आणि अंगवळणी पडल्याप्रमाणे प्रत्येकीला कागदाची इवलीशी चिठ्ठी डकवून क्रमांक दिला. मग चावी फिरवल्यावर जिच्यात वीज येते ती तपकिरी वायर निवडली, तिला चार्जर जोडला आणि वर इतकी टेप गुंडाळली की जॉइंट लिंबाएवढा झाला. चावी फिरवली. मोबाइल 'टुंग' म्हणाला आणि चार्ज होऊ लागला.

सासरे वाकले. लिंबाकडे पाहिलं. "हं," म्हणाले.

तरीही ग्रंथपाल त्या दिवशी जेवून असा झोपला, की पाच वाजता बायकोला त्याच्या नाकाशी बोट धरून पाहावं लागलं.

सोमवारी दहाला स्वारी निघाली. पुढे ग्रंथपाल, मागे हेल्मेट घातलेले सासरे, हँडलवर मोबाइल. गल्ली संपता संपता ग्रंथपालाचं लक्ष गेलं: गाडीवर होईलच म्हणून घरी चार्ज न केलेला मोबाइल तेरा टक्के. कोपऱ्यावर अकरा. चार्जर जोडलेला, चावी फिरलेली, आणि मोबाइल ढिम्म.

मागून आवाज आला, "चालतोय ना हो चार्जर?"

"चालतोय की!" ग्रंथपाल म्हणाला आणि डावीकडे वळण्यासाठी इंडिकेटर दिला.

"टुंग," मोबाइल म्हणाला.

ग्रंथपालाचा जीव भांड्यात पडला. वळून झाल्यावर त्याने इंडिकेटर बंद केला. मोबाइल गप्प. पुन्हा दिला. "टुंग. टुंग. टुंग." डावा दिवा लागला की चार्जिंग सुरू, विझला की बंद! वायरी कशा काय बदलल्या, हा विचार करायला वेळ नव्हता. थांबून दिवा उघडावा, तर मागचा माणूस घरी परत. ग्रंथपालाने ठरवलं: दवाखाना येईपर्यंत डावा इंडिकेटर बंद करायचा नाही.

"हे काय टुंग टुंग?" सासरे.

"वीज आत जाताना वाजतं, बाबा. नवीन पद्धत आहे."

"आमच्या वेळी वीज निमूट जायची," सासरे म्हणाले.

नकाशातली बाई सांगत होती, "दोनशे मीटरवर उजवी—टुंग—" आणि ग्रंथपालाचा डावा दिवा मागच्या जगाला डावीकडचं आमंत्रण देत होता. मागे स्कूटरवर एक बाई होती. ती थांबली, हॉर्न वाजवला आणि ओरडली, "काका, डावीकडे जायचंय ना? मग जा ना! निम्मा रस्ता अडवलाय!"

ग्रंथपाल भिडस्त माणूस. वाचनालयात उशिरा पुस्तक परत करणाऱ्याचीसुद्धा तोच माफी मागे. तो निमूट डावीकडे वळला.

"मार्ग पुन्हा शोध—टुंग—" नकाशातली बाई म्हणाली.

पुढच्या चौकात मागे एक टेम्पो. टेम्पोवाल्याने खिडकीतून हात काढून नुसता डावीकडे दाखवला. त्या हाताला नाही म्हणणं ग्रंथपालाच्या स्वभावात नव्हतं. तो पुन्हा डावीकडे वळला. तिसऱ्या चौकात वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली. "ओ साहेब! इंडिकेटर डावा, मान उजवी आणि गाडी सरळ! तिघांनी बसून एकदा ठरवा काय ते!"

ग्रंथपाल सॉरी म्हणाला आणि डावीकडे वळला.

या वाटेवर एक सलून होतं. दारातच खुर्ची टाकून न्हावी एका गिऱ्हाइकाला साबण फासत होता. गळ्यापासून पायापर्यंत पांढरी चादर. सासरे म्हणाले, "लोक काय करतील नेम नाही. रस्त्यावर फ्रिज मांडून ठेवलाय."

चार डावी वळणं घेतली की माणूस निघाला तिथेच येतो, हे ग्रंथपालाच्या दोन्ही पुस्तकांत नव्हतं. पुन्हा तेच सलून आलं. गिऱ्हाइकाचा एक गाल गुळगुळीत झाला होता.

"इथेही फ्रिज!" सासरे म्हणाले. "एजन्सी निघालेली दिसते."

तिसऱ्या फेरीत दाढी पूर्ण झाली होती. गिऱ्हाईक आता ओळखीचं हसलं, चादरीतून हात काढला आणि "या!" म्हणालं.

सासरे दचकले. "जावईबापू, फ्रिज बोलला!"

तेवढ्यात मोबाइलची शेवटची 'टुंग' झाली आणि पडदा काळा पडला. दर टुंगेला उजळून उजळून त्याने उरलासुरला जीवही घालवला होता. ग्रंथपालाने गाडी सलूनसमोर लावली. साडेदहा वाजून गेले होते.

"बंद पडला," सासरे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मुलाला शाळेची सुट्टी लागावी तसा आनंद होता. "चला मग. कबूल होतं आपलं."

"दहा मिनिटं द्या, बाबा. फक्त दहा."

"पाच."

न्हाव्याने त्यांना बाकावर बसवलं. ग्रंथपालाने गाडीतला पेचकस काढून पुढचा दिवा उघडला आणि बघतच राहिला.

आत त्याचं लिंबू नव्हतं. चिठ्ठ्या नव्हत्या. त्याच्या चार्जरची वायर तपकिरीऐवजी शेजारच्या नारंगी वायरीला, म्हणजे डाव्या इंडिकेटरला, जोडलेली होती. आणि तो जॉइंट! नीट सात पीळ, सगळे एका मापाचे, वर टेप अशी बसवलेली की जणू वायर तशीच जन्माला आली होती.

पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आलं, मुद्दाम केलं म्हाताऱ्याने, डॉक्टर चुकवायला! पण त्याने पुन्हा त्या पिळांकडे पाहिलं. बिघडवायला बसलेला माणूस इतका सुंदर जॉइंट मारत नाही. हे नीट करायलाच बसलेल्या माणसाचं काम होतं. काल दुपारी, जावई घोरत असताना, चिठ्ठ्यांना कचरा समजून काढून टाकणाऱ्या आणि नारंगी-तपकिरी एकच दिसणाऱ्या माणसाचं.

ग्रंथपालाने मागे पाहिलं. सासरे बाकावर ताठ बसले होते. मघाशी मोकळं झालेलं गिऱ्हाईक त्यांच्यासमोरून चादर झटकत गेलं आणि ते त्या फ्रिजकडे टक लावून बघत होते. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं. आवाजातली सुट्टी संपली होती.

"माझीच चूक, बाबा," ग्रंथपाल म्हणाला. "तपकिरी आणि नारंगीत गफलत केली मी. पुस्तकातली चित्रं काळी-पांढरी होती ना."

ग्रंथपालाने सात पीळ अगदी हळू सोडवले, वायर तपकिरीला जोडली आणि टेप गुंडाळून नवं लिंबू केलं. चावी फिरवली. दोन-तीन मिनिटांनी मोबाइल जागा झाला आणि नकाशातली बाई एका दमात पूर्ण वाक्य बोलली. पाचाची बारा मिनिटं झाली होती. सासऱ्यांनी मोजली नव्हती. त्यांनी न सांगता हेल्मेट घातलं आणि मागे बसले.

दवाखान्याच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मागून आवाज आला.

"जावईबापू."

"बोला, बाबा."

"काल तुमचा तो जॉइंट सोडवायला मला पाऊण तास लागला."

ग्रंथपालाने आरशात पाहिलं. हेल्मेटच्या आत काही दिसत नव्हतं.

"दात लावले, तरी सुटेना," सासरे म्हणाले. मग हेल्मेट जावयाच्या कानाशी आणून, "मजबूत होता."

सिग्नल सुटला. पंधरा वर्षांचं ओझं उतरलेल्या ग्रंथपालाने आनंदाच्या भरात उजवा इंडिकेटर दिला आणि झोकात डावीकडे, दवाखान्याच्या फाटकात वळला. मागून करकचून ब्रेक लागला आणि कुणीतरी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

सासऱ्यांनी मान वळवली, आवाजाच्या दिशेने अंदाजाने बोट रोखलं आणि गरजले, "ओरडायचं काम नाही! जावई आहे माझा. वायरिंग स्वतः करतो!"