एका कुटुंबाचं घर

पालिकेचा तपासनीस गल्लीच्या तोंडाशी आल्याची बातमी कळली, तेव्हा मास्तर दाढीला साबण लावून बसले होते. नवा नियमच तसा होता. जे घर एका कुटुंबासाठी बांधलं, ते भाड्याने द्यायचं तर एकाच कुटुंबाला. आणि या घरात राहत होती तीन परकी माणसं: चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, लग्नाच्या भानगडीत कधीच न पडलेले मास्तर, इस्पितळातली नर्स आणि एक बसचालक.

तरी वर्षभर एका स्वयंपाकघरात त्यांची घडी छान बसली होती. घर सुटलं तर खोली कुठेही मिळाली असती, पण पुन्हा एकट्याने जेवायचं, हे मास्तरांना नको होतं.

"ऐका," साबणासकटच ते म्हणाले, "मी बाप. ही माझी मुलगी. आणि तू जावई."

चालकाने ही बढती फारच झटपट स्वीकारली. नर्स नुसतं "बरं" म्हणून चहा ठेवायला गेली.

तपासनिसाने खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. मास्तरांनी नाती घडाघडा सांगितली. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात घरमालकीणबाई धापा टाकत आल्या. वाटेत त्यांनीही स्वतःची एक थाप रचली होती.

"भारी सज्जन माणसं आहेत, साहेब. बाप, मुलगी आणि हा मुलगा. सख्खी भावंडं, पण कधी भांडण म्हणून नाही."

"हे तर जावई ना?"

"जावई म्हणजे मुलासारखाच," मास्तर घाईने म्हणाले.

"सख्खा," घरमालकीणबाई ठासून म्हणाल्या. माघार घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

तपासनीस चालकाकडे वळला. "लग्न कधी झालं तुमचं?"

"उन्हाळ्यात," चालक म्हणाला.

"थंडीत," त्याच क्षणी नर्स म्हणाली.

"जरा लांबलं होतं," मास्तरांनी सावरून घेतलं.

तपासनिसाने पेन खिशात ठेवलं. संपलं सगळं, मास्तरांना वाटलं.

"नियम कुणी पूर्ण वाचलाय का हो?"

वाचला कुणीच नव्हता. घरमालकीणबाईंनी तो शेजारणीकडून ऐकला होता, आणि शेजारणीने निम्माच सांगितला होता.

"एका चुलीवर जेवणारी तीन माणसं कुटुंबच धरतात. नातं लागत नाही. तुमची चूल एकच आहे, पाहिली मी. राहा खुशाल." दारातून तो पुन्हा वळला. "पण यापुढे खरंच बोला. खोटं तुम्हाला झेपत नाही."

त्याच्यामागोमाग घरमालकीणबाईही सटकल्या. मास्तरांना इतकं हायसं वाटलं की ते मटकन खुर्चीत बसले. चालक मात्र हिरमुसला होता.

"म्हणजे आता मी जावई नाही?"

नर्स कप गोळा करत होती. तिने मान वर केली नाही, पण ती गालातल्या गालात हसत होती.

"मला काय विचारता? बाबांना विचारा की."

आता फसवायला घरात कुणी उरलं नव्हतं. तरी ती 'बाबा' म्हणाली होती. मास्तर ताठ बसले आणि त्यांनी चालकाला नखशिखांत न्याहाळलं.

"बस इकडे," ते दरडावून म्हणाले. "नोकरी कायम आहे का तुझी?"