घरच समजा

मुलींच्या या वसतिगृहात निवासी अधीक्षिकांची दोन पदं मंजूर आहेत. त्यांपैकी एक पद रिक्त ठेवण्याची विद्यापीठाची परंपरा आहे आणि दुसऱ्या पदावर मी आहे. रिक्त पदाचं काम भरलेल्या पदाने करावं, असा नियम कुठेही लिहिलेला नाही. म्हणूनच तो आजवर कुणाला रद्द करता आलेला नाही.

निवासी म्हणजे तिथेच राहणारी. माझं दोन खोल्यांचं बिऱ्हाड तळमजल्यावर आहे, सूचनाफलक आणि पाण्याचा कूलर यांच्या बरोबर मध्ये. बाटली भरायला दीड मिनिट लागतं. दीड मिनिट नुसतं उभं राहणं विशीतल्या मुलीला शक्य नसतं, म्हणून ती माझं दार वाजवते. बल्ब गेलाय, सुई-दोरा हवाय, प्रेमभंग झालाय, डिंक आहे का. विषय कुठलाही असो, सुरुवात ठरलेली: “मॅडम, झोपलात का? एकच मिनिट!” घड्याळात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात.

मी आतून ओरडते, “आले, आले!”

माझा नवरा इतिहास शिकवतो. वसतिगृहात मात्र तो वायरमन म्हणून प्रसिद्ध आहे. सुरुवातीला त्याने खुलासा करून पाहिला. मग बल्ब बदलणं सोपं पडतं हे त्याच्या लक्षात आलं. मागच्या वर्षी मुलींनी त्याला “आमच्या लाडक्या वायरमनदादांस” असं शुभेच्छापत्र दिलं. ते त्याने त्याच्या पदवीशेजारी लावलंय.

आणि आमची ढब्बू. वय वर्षं सव्वा. तिच्यासाठी मी स्वतः एक अंगाई रचायला घेतली होती:

नीज गं ढब्बू, निजली खिडकी,
निजली दांडीवरची फडकी…

तिसरी ओळ नाही. म्हणजे सुचत नाही असं नाही. तिसऱ्या ओळीला दार वाजतं. वर्षभर हेच चाललंय. अंगाईची तिसरी ओळ “आले, आले!” हीच आहे, अशी ढब्बूची प्रामाणिक समजूत झाली आहे. मी फडक्यांपर्यंत पोचले की ती उठून बसते, दाराकडे बोट करते आणि आनंदाने ओरडते, “आये, आये!” बोलायला लागल्यापासून तिचा हा पहिला शब्द. ‘आई’ अजून म्हणत नाही. आई कुणाला म्हणायचं? जी येते-येते म्हणत निघून जाते, तिला?

म्हणून दुसरं पद भरलं जाणार हे कळलं तेव्हा मी कूलरला टेकून रडले. दोन अधीक्षिका असल्या की प्रत्येकीला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळते. मला गुरुवार मिळणार होता. सहा ते दहा. मला जग पाहायचं नव्हतं. मला तिसरी ओळ हवी होती.

नव्या बाईंच्या स्वागतासाठी समिती नेमली गेली. समितीत मी होते. मुख्य अधीक्षकांनी, ज्यांना मुली परिपत्रककाका म्हणतात (मीही म्हणते, पण मनात), मला बोलावून सांगितलं, “स्वागतपुस्तिका तुम्हीच लिहा. तुम्ही राहताच इथे, तुम्हाला वेळच वेळ.”

ढब्बूच्या दुपारच्या झोपेत वीस-वीस मिनिटं चोरून मी ती लिहिली. बाई घाबरून पळाल्या तर गुरुवारही त्यांच्याबरोबर पळणार, या भीतीने माझ्या लेखणीला जे बळ आलं ते पुन्हा कधी आलं नाही. ‘दार सतत वाजतं’ याचं मी ‘विद्यार्थिनींशी जिव्हाळ्याचा अखंड संवाद’ केलं. ‘झोप मिळत नाही’ याचं ‘चैतन्यमय वातावरण’. आणि ‘हे आपलं घरच समजा’ हे वाक्य मी सात पानांत सात वेळा घातलं. ते माझं नव्हतं. माझ्या स्वागताच्या वेळी मला दिलेल्या पुस्तिकेत ते चार वेळा होतं. मी फक्त भर घातली.

नवऱ्याने पुस्तिका वाचली आणि म्हणाला, “छान जागा दिसते गं. कुठे आहे ही? आपण जाऊ या का राहायला?”

नव्या बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, ताठ, एक ट्रंक आणि एक घड्याळ घेऊन. मोठ्या रुग्णालयात पंचवीस वर्षं परिचारिका होत्या, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या ‘सिस्टर’ झाल्या. स्वागतसमारंभात काकांनी चाळीस मिनिटं भाषण केलं आणि शेवटी हात पसरून म्हणाले, “थोडक्यात काय, घरच समजा!”

“घरच समजू?” सिस्टरनी विचारलं.

“अगदी!”

“नक्की ना? नंतर बोलायचं नाही.”

“अहो, जावक क्रमांक घालून लेखी दिलंय! पान एक पाहा.”

सिस्टरनी पान एक पाहिलं, मान हलवली आणि पुस्तिका ट्रंकेत ठेवली. स्वागतपुस्तिका आजवर कुणी वाचली नव्हती. एखादी व्यक्ती ती वाचेल, आणि वर खरी मानेल, ही शक्यता समितीने विचारात घेतली नव्हती.

त्याच संध्याकाळी सहा वाजता, लॉबीच्या पलीकडे, माझ्या दारापासून आठ पावलांवर असलेलं सिस्टरचं दार बंद झालं. आतून रेडिओचा आवाज येऊ लागला. साडेसातला एक मुलगी गेली आणि तिने टकटक केली.

“कोण?”

“सिस्टर, झोपलात का? एकच मिनिट. बल्ब गेलाय.”

“माझ्या घरातला?”

“नाही, माझ्या खोलीतला.”

“रक्त येतंय कुणाला?”

“न… नाही.”

“श्वास घेता येतोय?”

“हो.”

“जळका वास?”

“नाही सिस्टर.”

“मग उद्या सकाळी नऊला ये, बाळा. आत्ता मी घरी आहे.”

मुलगी वळली. मग आठ पावलं चालून माझ्याकडे आली.

आठवडाभरात वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला तीन प्रश्न पाठ झाले आणि त्या आठ पावलांची वाटही. पूर्वी संध्याकाळी माझं दार वीस-बावीस वेळा वाजायचं, ते आता चाळीसवर गेलं. ढब्बूला तर अंगाईच्या पहिल्याच ओळीनंतर “आये!” म्हणायची सवय लागली. फडकीसुद्धा गेली.

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण व्यवस्थेवर हसायला बसलोच आहोत तर त्यातून स्वतःला मध्येच वगळता येणार नाही. मी तक्रार केली. विनयपूर्वक, तीन प्रतींत. ‘नवनियुक्त अधीक्षिका कार्यालयीन वेळेनंतर घरी असल्यासारख्या वागत असल्याचे निदर्शनास आले आहे.’

बैठक भरली. विषय एक: घराची व्याख्या करणे.

“आम्ही ‘घरच समजा’ म्हणालो,” काकांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, “पण समजण्यालाही काही मर्यादा असते ना, सिस्टर? आपल्या दृष्टीने घर म्हणजे काय? जिथे कर्मचारी केव्हाही सापडतो, ते ठिकाण.”

“त्याला घर म्हणत नाहीत, साहेब. त्याला अपघात विभाग म्हणतात,” सिस्टर म्हणाल्या. “तिथे मी पंचवीस वर्षं होते. पण तिथेसुद्धा पाळी बदलायची.”

मग माझ्याकडे वळून, अजिबात न रागावता, “तक्रार तुमची ना? अक्षर छान आहे हो तुमचं. पुस्तिकेतलंसुद्धा तुमचंच का?”

मी कागद नीट लावू लागले. ते आधीच नीट लावलेले होते.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. ‘निवासी कर्मचाऱ्यांस घरी असावयाचे असल्यास त्यांनी तीन दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज करावा.’ काकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांचा हेतू कधीच वाईट नसतो. त्यांना वाईट हेतूसाठीही आधी अर्ज लागेल.

मी गुरुवारसाठी अर्ज भरला. कारण: मुलीला झोपवणे. अनुपस्थितीच्या काळातील पत्ता: तोच.

अर्ज परत आला. ‘अनुपस्थितीच्या काळात कर्तव्यस्थळी उपस्थित राहणे नियमबाह्य आहे. पत्ता बदलून सादर करावा.’

“म्हणजे काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“म्हणजे घरी असायची परवानगी मिळेल, पण तेव्हा घरी असता येणार नाही.”

“मग कुठे असायचं?”

मी ‘आवाराबाहेरील बाक’ असं लिहिलं. अर्ज तासाभरात मंजूर झाला.

गुरुवारी सहा वाजता आम्ही तिघं फाटकाबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. नवऱ्याच्या मांडीवर दुधाची बाटली, माझ्या मांडीवर ढब्बू, तिच्या मांडीवर तिची उशी. वारा सुटला होता. समोरून गाड्या जात होत्या. “नीज गं ढब्बू, निजली खिडकी…” ढब्बूने आजूबाजूला पाहिलं. खिडकी कुठेच नव्हती. तिला ते पटलं नाही आणि तिने भोकाड पसरलं.

पावणेसातला दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी धापा टाकत आली. “मॅडम! इथे आहात होय! केव्हाची दार वाजवतेय. एकच मिनिट…”

तिच्या मागून, ढब्बूचं रडणं ऐकून, सिस्टर आल्या. त्यांनी बाकाकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं.

“हे काय?”

“रजेवर आहे,” मी म्हणाले.

सिस्टरनी मुलीला तिथल्या तिथे तीन प्रश्न विचारून परत धाडलं, आणि ढब्बूला उचलून खांद्यावर घेतलं. “चला माझ्या घरी. पाहुणे म्हणून. पत्ता वेगळा आहे, साहेबांची हरकत नसेल.”

खरंच नव्हती. पुढच्या गुरुवारच्या अर्जात ‘समोरचे बिऱ्हाड, आठ पावले’ असं लिहिलं, आणि तो सही होऊन आला.

त्या गुरुवारी सिस्टरच्या आतल्या खोलीत मी ढब्बूला कुशीत घेऊन पडले. नवरा बाहेर निवांत पेपर वाचत होता. त्याला बल्ब मागायला कुणी येत नव्हतं, म्हणून जरा खिन्न दिसत होता. दाराला सिस्टर होत्या. एकदा टकटक झाली, तीन प्रश्न झाले, पावलं परत गेली. मग शांतता.

नीज गं ढब्बू, निजली खिडकी,
निजली दांडीवरची फडकी…

कुणी आलं नाही. ढब्बू दाराकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. तिसरी ओळ म्हणायला पूर्ण मोकळीक होती आणि माझ्या डोक्यात शब्द नव्हता. ढब्बूने खूप वाट पाहिली आणि मग मलाच आठवण करून दिली, “आये?”

मला ती शांतता सोसेना. कुणी मला बोलावत कसं नाही? कुणाला काही झालं असेल तर? आणि काहीच झालं नसेल तर? “एकच मिनिट हं, राणी,” मी ढब्बूला म्हणाले. माझ्याच तोंडून ते दोन शब्द ऐकले, आणि तरीही गेले. सिस्टरजवळून जाताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

लॉबीत माझ्या बंद दारापुढे चार मुली उभ्या होत्या. एकीच्या हातात गेलेला बल्ब.

“मॅडम! आलात!”

काय उजळले हो चौघींचे चेहरे! आणि खोटं कशाला बोलू, माझाही उजळला असणार. दोन वर्षं अकरा महिने ज्या टकटकीच्या नावाने मी बोटं मोडत होते, तिच्यावाचून मला पाव तास काढवला नव्हता. एकीचा बल्ब झाला, एकीचं रडणं झालं, दोघींचं भांडण झालं. ते मिटवायला चाळीस मिनिटं लागली. सिस्टरनी ते सकाळी नऊपर्यंत आपोआप मिटू दिलं असतं.

परत आले तर सिस्टरच्या खांद्यावर ढब्बू गाढ झोपलेली. गाल चेपलेला, ओठांतून लाळेचा थेंब, मूठ सिस्टरच्या पदरात घट्ट.

“कशी झोपली?” मी कुजबुजले.

“तुमच्याच दोन ओळी म्हटल्या. तिसरीत दाराला झोपवलं.”

“म्हणजे?”

“निजलं दार.” सिस्टरनी तिला माझ्या हातांत दिलं. “एवढंच. सोपी होती की हो.”

झोपेत ढब्बू काहीतरी पुटपुटली. नवरा म्हणतो, ती ‘आई’ म्हणाली. मी विचारलं, “माझ्याकडे बघून की सिस्टरकडे?” तो म्हणाला, “डोळे मिटलेले होते, तू वाईट वाटून घेऊ नकोस.”

पलीकडच्या वसतिगृहात पुढच्या महिन्यात नवीन अधीक्षिका येताहेत. तरुण आहेत म्हणे, कडेवर चार महिन्यांचं बाळ. माझी आधीची पुस्तिका फार गाजल्यामुळे हीही मलाच लिहायला दिली आहे. कालच पुरी केली. ‘घरच समजा’ आठ वेळा आलंय. एका ठिकाणी खोडलं होतं, पण मग वाक्य कोरडं वाटायला लागलं.

तुम्ही हसलात ना? हसा. फक्त आज संध्याकाळी साडेसातला, हाताखालच्या, ओळखीच्या, शेजारच्या कुणाला तरी “झोपलात का? एकच मिनिट” म्हणून फोन लावाल, तेव्हा तिकडून “छे छे, बोला ना!” असं जे लगेच ऐकू येईल, त्याच्या मागे जरा कान देऊन ऐका. कुणीतरी तिसऱ्या ओळीसाठी उठून बसलेलं असतं.